कांटा हलत नाहीं तेव्हां

व्यायामाचा संकल्प मोडण्याचा एक ठराविक काळ असतो. पहिल्या आठवड्यांत तो सहसा मोडत नाहीं. त्या वेळीं उत्साह असतो, नवे बूट असतात, आणि आपण काय आरंभिलें आहे हें चारचौघांना सांगण्याची हौसहि असते. संकल्प मोडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत. पहाटे उठणें चालू असतें, गोड वर्ज्य केलेलें असतें, शेजारच्या लग्नांतील जिलबीला दुरूनच नमस्कार केलेला असतो. आणि रविवारीं सकाळीं वजनकांट्यावर उभें राहावें, तों कांटा गेल्या रविवारीं होता तेथेंच! मग हें सारें कशासाठीं, असा प्रश्न त्या वेळीं मनांत येतो आणि तो मोठा न्याय्यहि वाटतो.

माझ्या थोरल्या बंधूंनीं हा प्रश्न स्वतःला विचारला आणि चालणें सोडून दिलें. रक्तांतील साखर मर्यादेच्या किंचित् वर आहे, मधुमेह अद्याप नाहीं परंतु तो फार दूरहि नाहीं, असें डॉक्टरांनीं त्यांना सांगितलें होतें. दहा आठवडे ते नेमानें चालले. ७१ किलो वजन होतें, तें साडेसत्तर झालें. "अर्ध्या किलोसाठीं इतकी पायपीट!" असें म्हणून त्यांनीं बूट माळ्यावर टाकले. पुढें तीन वर्षांनीं त्यांना मधुमेह झाला. ते चालत राहिले असते तर तो टळलाच असता, असें मी म्हणणार नाहीं. पण ज्या कारणासाठीं त्यांनीं चालणें सोडलें तें कारण चुकीचें होतें, एवढें आज मला निश्चितपणें सांगतां येतें. आणि श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचा विषय तेवढाच आहे.

प्रथम थोडासा हिशेब करूं. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांकांचा सांठा. पासष्ट-सत्तर किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास झपाझप चालला, तर त्याचे सुमारे १२५ उष्मांक खर्च होतात. म्हणजे आहारांत फरक न करतां केवळ चालण्यानें एक किलो चरबी झडावयास एकसष्ट-बासष्ट दिवस लागावे. तेहि एकहि दिवस न चुकतां, आणि चालून आल्यावर भूक लागली म्हणून एक घासहि अधिक न घेतां. माझ्या बंधूंचे दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस. त्यांत अर्धा किलो उतरला, म्हणजे या हिशेबाच्या मानानें ते कांहीं फार मागें पडले नव्हते. परंतु त्यांची अपेक्षा होती पांच किलोंची. कारण त्यांच्या एका स्नेह्याचें वजन महिनाभरांत तेवढें उतरल्याचें त्यांनीं ऐकलें होतें.

स्नेह्यांच्या अशा कथा बहुधा खऱ्या असतात. फक्त त्यांतील बराचसा भाग पाण्याचा असतो. आपलें यकृत आणि आपले स्नायु साखरेचा कांहीं सांठा ग्लायकोजेन या रूपानें जवळ बाळगतात. हा सांठा साधारणतः चारशें-पांचशें ग्रॅमचा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकून राहिलेलें असतें. भात-पोळी एकाएकीं कमी केली कीं हा सांठा उतरतो, पाणी बाहेर पडतें, आणि पहिल्या आठवड्यांतच कांटा किलो-दीड किलो खालीं येतो. मनुष्य हर्षभरित होतो. पुढें एखाद्या रविवारीं श्रीखंड-पुरीचें जेवण झालें कीं तेंच पाणी परत येतें, आणि सोमवारीं तोच मनुष्य हताश होऊन बसतो. वास्तविक त्या हर्षाला जेवढा आधार होता तेवढाच या निराशेला. एका जेवणानें एक किलो चरबी वाढावयाची, तर पोटभर जेवणावर आणखी ७,७०० उष्मांकांचें श्रीखंड खावें लागेल. आणि तें कितीहि अगत्यशील यजमानीणबाईंना वाढवणार नाहीं! लोणचें-पापड अधिक झाल्यानें, बद्धकोष्ठानें, स्त्रियांच्या बाबतींत मासिक पाळीच्या सुमारास, असें नाना कारणांनीं वजन दिवसागणिक एक-दोन किलो मागेंपुढें होत असतें. या चढउतारांत आठवड्याला चार-दोनशें ग्रॅमची खरी घट अगदीं लपून जाते. ती दिसत नाहीं, म्हणून ती होत नाहीं असें मात्र नव्हे.

ज्या प्रयोगानें या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली, त्याची हकीकत आतां थोडी विस्तारानें सांगतों. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन् आणि त्यांचे सहकारी यांनीं भारतांतील ५३१ माणसें निवडलीं. हीं सर्व माणसें नेमक्या माझ्या बंधूंच्या स्थितींत होतीं. म्हणजे साखर वाढलेली, परंतु मधुमेहाच्या उंबरठ्याअलीकडे. त्यांचे चार गट पाडण्यांत आले. पहिल्या गटाला केवळ सर्वसाधारण सल्ला दिला. दुसऱ्याला आहार आणि चालणें यांविषयीं वारंवार मार्गदर्शन केलें. तिसऱ्याला मेटफॉर्मिन हें औषध दिलें, आणि चौथ्याला औषध व मार्गदर्शन दोन्ही. दुसऱ्या गटाकडून अपेक्षा तरी केवढी होती? रोज निदान अर्धा तास भरभर चालावें, साखर टाळावी, मैद्यासारखे पदार्थ आणि तूप-तेल कमी करावें, चोथा असलेलें अन्न अधिक खावें, बस्स, एवढीच.

या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या अखेरीस पहिल्या गटांतील शेंकडा ५५ जणांना मधुमेह झालेला होता. चालणाऱ्या गटांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. औषध घेणाऱ्यांचा आंकडाहि जवळपास तेवढाच, आणि दोन्ही उपाय करणाऱ्यांना त्याहून अधिक लाभ झालेला दिसला नाहीं. आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. या चालणाऱ्या गटाचें सरासरी वजन म्हणण्यासारखें उतरलेलें नव्हतें. यांतील कितीएकांनीं माझ्या बंधूंप्रमाणेंच कांट्यावर उभें राहून निराशेचा सुस्कारा टाकला असेल. आणि त्याच वेळीं त्यांच्या शरीरांत, कांट्याला न कळतां, एक मोठें संकट मागें हटत होतें!

अर्थात् शेंकडा ३९ जणांना मधुमेह झालाच, हेंहि विसरतां कामा नये. शिवाय वजन उतरण्यास कांहीं किंमत नाहीं, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. अमेरिकेंत अशाच परंतु पुष्कळ मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगांत वजन शेंकडा सातनें उतरविण्याचें ध्येय ठेवलें होतें. २००२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि तेथें मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ५८ नीं घटल्याचें दिसलें. ज्याचें वजन खरोखरच अधिक आहे त्यानें तें उतरवावेंच. माझें म्हणणें इतकेंच कीं, कांटा हा एक साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीश करूं नये.

आपल्या लोकांच्या बाबतींत तर या साक्षीदाराची साक्ष विशेष अपुरी पडते. याचा मासलेवाईक दाखला पुण्यांतीलच आहे. तेथील केईएम रुग्णालयांतले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण जगापुढें ठेवलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. त्याचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाहि २२.३. परंतु शरीरांतील चरबीचें प्रमाण पाहिलें, तर युडकिन यांचें शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांचें शेंकडा २१.२! हातापायांनीं किरकोळ दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटांत चरबीचा केवढा सांठा असूं शकतो, हें यावरून ध्यानांत यावें. अशा मनुष्यानें व्यायाम आरंभिला, कीं चरबी थोडी घटते, स्नायु थोडे वाढतात, आणि दोहोंची बेरीज जेथल्या तेथें राहते. कांट्याला बेरीज तेवढी कळते.

मग मोजावें तरी काय? कमरेचा घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानतात. सकाळीं उठल्याबरोबर, चहापूर्वीं, नाडीचे ठोके मोजून ठेवावे. नियमित व्यायामानें ते कांहीं आठवड्यांत सावकाश होऊं लागतात. तिसऱ्या मजल्यावर जातांना कोठें दम घ्यावा लागला, तें लक्षांत ठेवावें. जोर-बैठका काढणाऱ्यानें त्यांची संख्या लिहावी, दंड आरशांत पाहूं नये; कारण पहिल्या महिना-दीड महिन्यांत शक्ति वाढते ती मुख्यतः मज्जातंतू आहे त्याच स्नायूंना अधिक चांगलें राबवावयास शिकतात म्हणून. दंड मागाहून भरतो. गेल्या तीन महिन्यांची साखर दाखविणारी जी एचबीएवनसी नांवाची तपासणी आहे, ती तीन आठवड्यांनीं करून हिरमुसण्यांत अर्थ नाहीं. ज्या तांबड्या पेशींवरून ती केली जाते त्यांचें आयुष्यच सुमारे १२० दिवसांचें असतें. जुन्या पेशी जाऊन नव्या याव्या, एवढा अवधि तिला दिला पाहिजे.

परंतु या साऱ्या मोजमापांहून मला अधिक धीर देणारी गोष्ट निराळीच आहे. चाललेल्या स्नायूंना रक्तांतील साखर आंत घेण्यासाठीं इन्शुलिनची नेहमीइतकी गरज लागत नाहीं, आणि हा गुण चालणें थांबल्यानंतरहि एक-दोन दिवस टिकतो. म्हणजे आजच्या चालण्याचें वेतन आज-उद्यांच हातीं पडतें. वर्षाअखेर एकदम मिळावयाची ही रक्कम नव्हे. तें एक-दोन दिवसांत सरतेंहि. म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा नसावा, असें डॉक्टर सांगतात. ज्याला हें उमगलें, त्याला 'प्रगति कोठें आहे?' हा प्रश्न पूर्वींइतका छळत नाहीं.

आहाराविषयीं फार सांगत नाहीं. आपल्याकडे त्याचे उपदेशक पुष्कळ आहेत. एकच उदाहरण घ्या. दिवसांतून चार कप चहा आणि प्रत्येक कपांत दोन चमचे साखर. चमच्याला चार ग्रॅम धरले तरी ३२ ग्रॅम साखर झाली, म्हणजे सुमारे १२८ उष्मांक; जवळजवळ अर्ध्या तासाच्या चालण्याइतकेच. ती साखर पंधरवड्याला अर्धा चमचा या बेतानें कमी केली तर जिभेला फारसें कळत नाहीं, एकदम सोडली तर आठव्या दिवशीं परत येते. भाताऐवजीं पानांत आधीं उसळ, आमटी आणि कोशिंबीर येऊं द्यावी. भात आपोआप कमी जातो. पण घरांत एकासाठीं पथ्याचें वेगळें पान मांडण्याची जी पद्धत आहे, ती मला मुळींच पसंत नाहीं. असलें पान दोन महिन्यांत बंद पडतें, आणि ज्या गृहिणीला दोन-दोन स्वयंपाक करावे लागतात तिच्या त्रासाची दाद कोणी घेत नाहीं. बागेंत पहाटे फिरणाऱ्यांकडे नजर टाकली कीं माझ्या मनांत नेहमीं येतें, यांतील कितीएकांच्या घरीं या वेळीं कोणीतरी डबे भरीत असेल, आणि तिची साखर कोणी तपासलेलीहि नसेल.

राहतां राहिली नियमितपणाची गोष्ट. अमुक इतक्या दिवसांत सवय जडते असें छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवूं नये. युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ९६ जणांवर केलेलें एक निरीक्षण २०१० सालीं प्रसिद्ध झालें. खाणें, पिणें किंवा व्यायाम यांपैकीं एखादी साधी गोष्ट रोज ठराविक प्रसंगीं करावयाची, जसें न्याहारीनंतर अमुक, जेवणापूर्वीं तमुक. आणि ती विचार न करतां हातून होऊं लागण्यास किती दिवस लागतात तें पाहावयाचें. मध्यम आंकडा निघाला ६६ दिवसांचा. परंतु अंदाज कोणाच्या बाबतींत १८ दिवसांचा, तर कोणाच्या बाबतींत २५४ दिवसांचा होता! एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यांत म्हणण्यासारखी बाधा आली नाहीं, हेंहि त्यांना आढळलें. आपल्याकडे मात्र एक दिवस चुकला कीं 'आतां पुढच्या महिन्यापासून' अशी बोली सुरू होते. पावसाळा हें तर आपलें हक्काचें निमित्त. त्याला उत्तर म्हणून सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळाशाळांतून ज्या व्यायामाचा प्रसार केला, त्याला एक सतरंजी अंथरण्यापुरती जागा पुरते. मात्र हृदयविकार किंवा गुडघ्यांचें दुखणें असणाऱ्यांनीं आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें.

माझ्या बंधूंनीं आतां पुन्हां चालावयास आरंभ केला आहे. पहाटे नव्हे, तर रात्रीं जेवणानंतर. जेवणावर वाढणारी साखर त्यामुळें कमी चढते, हें एक कारण. आणि पहाटे वहिनींना सवड होत नसे, हें दुसरें. आतां दोघें मिळून चौकापर्यंत जाऊन येतात. मागची आवराआवर चिरंजीवांकडे सोंपविली आहे, आणि ती कशी होते याबद्दल वहिनींचें मत मी येथें सांगत नाहीं. मधुमेह गेलेला नाहीं, औषधेंहि चालू आहेत; पण गेल्या तपासणीनंतर त्यांतील एक गोळी डॉक्टरांनीं कमी केली. त्यांच्या वजनाची चौकशी मीं परवां केली. तें त्यांना ठाऊक नव्हतें. वजनकांटा हल्लीं दाराशीं ठेवलेला असतो, आणि रद्दीवाला आला म्हणजे त्याच्या मापाची खातरजमा करून घेण्याच्या कामीं येतो.