सैनिकाचा शिधा, नागरिकाची जीभ

अमेरिकी लष्कराचं ‘एमआरई’ हे तयार जेवणाचं पाकीट 1981 साली डबाबंद शिध्याच्या जागी आलं आणि बघता बघता लष्कराबाहेरही पोचलं. कुणी ते हौसेनं मिळवतं, कुणी ट्रेकसाठी घेतं; 2005 मध्ये कतरिना वादळानंतर तर ते पूरग्रस्तांच्या हाती मदत म्हणून पडलं. घरी ते फोडणारा एक घास घेतो, नाक मुरडतो किंवा ‘बरं आहे की’ म्हणतो, आणि शिध्याचा निकाल लागतो. हा निकाल मला अपुरा वाटतो. जिभेला कळत नाही असं मुळीच नाही. पण या अन्नाकडून काय अपेक्षित आहे, ते एका घासात तपासता येत नाही.

पाकिटाची रचनाच पाहा. जाड तपकिरी पिशवीत मुख्य पदार्थाची चपटी, ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी, कोरडा क्रॅकर, त्याला लावायला पीनट बटर किंवा चीज, काहीतरी गोड, चमचा, मीठ, टॉयलेट पेपरसुद्धा. सोबत मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड भरलेली एक पातळ पिशवी असते. तिच्यात रेघेपर्यंत पाणी ओतलं की मॅग्नेशियम पाण्याशी भिडतं, वाफ धरते आणि दहा-बारा मिनिटांत जेवण गरम होतं. चूल नाही, जाळ नाही. ती पिशवी तिरकी टेकवायची असते, आणि कशाला टेकवायची हे दाखवणाऱ्या चित्रात ‘दगड किंवा तसंच काही’ एवढंच लिहिलेलं असतं. टेबल मिळेल असं बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं नाही. हे अन्न 27 अंश सेल्सिअसला किमान साडेतीन वर्षं टिकलं पाहिजे, पॅराशूटनं खाली टाकलं तरी फुटता कामा नये, आणि एका पाकिटातून सुमारे 1,250 कॅलरी मिळाल्या पाहिजेत. भाजी गिचका वाटते, कारण बंद पिशवीतच तिला जंतू मरेपर्यंत तापवलेलं असतं.

चव आणि खाणं या दोन गोष्टी किती वेगळ्या, हे 1980च्या दशकातल्या दोन चाचण्यांनी दाखवून दिलं. हवाईत सैनिकांच्या एका तुकडीला 34 दिवस तिन्ही वेळा हीच पाकिटं दिली. समोर साडेतीन हजारांहून अधिक कॅलरी असूनही ते दिवसाला जेमतेम 2,200 खात होते आणि त्यांचं वजन घटत गेलं. दुसरीकडे एमआयटीतल्या विद्यार्थ्यांना तेच पदार्थ गरम करून, ताटात वाढून, ठरल्या वेळी काही आठवडे दिले. ते 3,100च्या आसपास खात होते. सैनिकांना पदार्थ आवडत नव्हते म्हणावं तर तसंही नाही, त्यांनी चवीला चांगले गुण दिले होते. फरक पडला तो वेळेनं, बसायच्या जागेनं, गरम करायच्या खटपटीनं. घरी चाखणारा माणूस नेमका या विद्यार्थ्यांच्या जागी बसलेला असतो.

मग चव गौण का? मुळीच नाही, आणि हा आक्षेप मोलाचा आहे. जे खाल्लंच जात नाही, त्यातल्या कॅलरींचा उपयोग शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकच्या प्रयोगशाळेनं म्हणूनच सैनिकांना विचारून पदार्थ बदलले, बारा प्रकारांचे चोवीस केले. नावडतं शाकाहारी ऑम्लेट काढून टाकलं. सॉसचा ओलावा पावात उतरू न देता वर्षानुवर्षं टिकणारा पिझ्झा बनवायला कित्येक वर्षं गेली. तो 2018 च्या सुमारास शिध्यात आला. पण ही मतं नेहमी सैनिकांची होती, आणि तीही मैदानातली.

दुसरा आक्षेप पूरग्रस्तांचा: तेही थकलेले, भुकेले, मग त्यांचा कौल का मानू नये? मानलाच पाहिजे, फक्त त्यांच्यात म्हातारे असतात, तान्ही मुलं असतात, आणि ओझं घेऊन चालणाऱ्या तरुणासाठी आखलेलं जेवण त्यांच्या पोटासाठी नसतं. अमेरिकेनंच 1993 मध्ये त्यासाठी वेगळं पाकीट काढलं: दिवसभराला 2,200 कॅलरी, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला चालावं म्हणून मांसाशिवाय. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं, 1961 पासून जवानांसाठी काम करताना, बंद पिशवीत निर्जंतुक करण्याचं हेच तंत्र खाजगी कंपन्यांना दिलं. परदेशी शिकायला निघालेल्या मराठी मुलांच्या बॅगेत जाणारी तयार पालक-पनीरची पाकिटं त्याच तंत्राची. मसाला मात्र घरी, ताटात, रोज जेवणाऱ्यांच्या जिभेला धरून ठरलेला आहे.