मानेतल्या लसिकागाठी: उपचारांचा मागोवा

तान्ह्या मुलाच्या मानेला एका बाजूने आलेली मऊ, न दुखणारी गाठ पुष्कळदा सिस्टिक हायग्रोमाची असते. गर्भात लसिकावाहिन्यांचा शिरांशी जोड नीट झाला नाही की लसिका साचून पुटी फुगतात. निम्म्या गाठी जन्मतःच दिसतात, बहुतेक दुसऱ्या वर्षापर्यंत.

जर्मन शल्यविशारद वेर्नर यांनी १८४३ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ सुरी हाच मुख्य इलाज राहिला. नागपुरात १९४७ ला मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हाही स्थिती तीच होती. पुटींच्या भिंती पातळ, त्यांच्या फांद्या चेहऱ्याच्या व जिभेच्या नसांभोवती, मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती शिरलेल्या. सगळे काढावे तर नस दुखावते, थोडे ठेवावे तर गाठ परतते.

निदानाचा पेच वेगळा. विदर्भाच्या ओळखीचा लसिकाविकार म्हणजे हत्तीपाय. त्यामुळे मानेत गाठ दिसली की लसिकाविकार सुचत नाही; पहिला संशय क्षयाच्या गंडमाळेचा, आणि तो रास्तच. मोठेपणी उशिरा दिसलेली पुटी त्यामुळेच चकवते. अंधारात टॉर्च लावल्यावर पुटी सहसा उजळते, क्षयाची भरीव गाठ उजळत नाही. ही साधी तपासणी सोनोग्राफीच्या काळातही टाकाऊ झालेली नाही. खोलवरचा पसारा मात्र एमआरआयनेच कळतो.

१९७७ मध्ये जपानमधून ब्लिओमायसिन हे औषध गाठीत टोचण्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये तिथलेच ओके-४३२ हे गाठीत टोचायचे दुसरे औषध आले. दरम्यान १९८२ मध्ये मुलिकेन व ग्लोवाकी या संशोधकांनी अर्बुदे व वाहिन्यांची जन्मजात विकृती यांत फरक केला; हायग्रोमा विकृतीत मोडला, आणि समूळ उच्चाटनाचा आग्रह सैलावला. भारतात ब्लिओमायसिन रुजले ते स्वस्त व सहज मिळणारे म्हणून. मोठ्या पुटींवर ते चांगले लागू पडते. फुप्फुसांना इजा होऊ नये म्हणून एकूण मात्रेवर मर्यादा असते. फेऱ्या मात्र अनेक लागतात. गडचिरोली किंवा बालाघाटहून नागपूर गाठणाऱ्या कुटुंबाला औषधापेक्षा प्रवास आणि बुडालेली मजुरी महाग पडते.

जीभ व तोंडाच्या तळाशी पसरलेल्या बारीक पुटी सुईलाही दाद देत नाहीत. अशा अनेक गाठींत पीआयके३सीए या जनुकातील बदल असल्याचे २०१५ च्या सुमारास दिसून आले. सिरोलिमस हे तोंडाने घ्यायचे औषध आता अशा रुग्णांना दिले जाते, रक्तातील पातळी वरचेवर तपासून. श्वासमार्ग दबत असेल तर मात्र आधी तो मोकळा करावा लागतो.