समुद्र चारशे किलोमीटर लांब, मग विहिरीचं पाणी खारं कसं?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या विद्यार्थ्यांना 'भूजलाचं क्षारीकरण' हा विषय सुचवला की प्रश्न ठरलेला असतो: "आपल्याकडे समुद्र कुठंय?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच विदर्भात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथून समुद्रकिनारा साधारण चारशे किलोमीटर लांब आहे. तरी पाणी असं की पिणं सोडाच, शेताला दिलं तर काळी जमीन चोपण होते.

म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करा. खारटपणा मोजणं वेगळं आणि त्याचं कारण शोधणं वेगळं. ईसी मीटर बुडवला की क्षार किती ते कळतं. ते आले कुठून, हे मीटर सांगत नाही.

मुख्य कारणं चार:

१. समुद्राचं पाणी आत शिरणं. किनाऱ्याजवळ गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगतं. भूजल पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणजे उपशामुळे पातळी १ मीटर उतरली की खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकतं.
२. बाष्पीभवन. कोरड्या हवेत पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.
३. गाळात किंवा खडकात आधीपासून असलेले क्षार.
४. सिंचनाचं पाणी क्षार घेऊन पुन्हा जमिनीत मुरणं.

मग ओळखायचं कसं? आयनांच्या गुणोत्तरावरून. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचं मोलमधलं गुणोत्तर ०.८६ असतं. नुसतं मीठ विरघळलं असेल तर ते १ च्या आसपास येतं. १ च्या बरंच वर गेलं तर खडकाची झीज किंवा चिकणमातीशी झालेली अदलाबदल तपासा: माती कॅल्शियम धरून ठेवते आणि सोडियम सोडते. जोडीला ऑक्सिजनचे समस्थानिक पाहा. बाष्पीभवनात क्लोराइडबरोबर जड ऑक्सिजनचं प्रमाणही वाढतं. मीठ विरघळलं तर फक्त क्लोराइड वाढतं. पण सावधान, झाडांनी मुळांवाटे पाणी ओढलं तरी फक्त क्लोराइडच वाढतं. त्यामुळे एका पुराव्यावर निकाल देऊ नका.

पूर्णेच्या खोऱ्यात जाड गाळ, चिकणमातीचे थर आणि बेताचा पाऊस आहे. साचलेले क्षार धुऊन निघायला वाटच कमी. आपल्याकडे पाऊस त्याहून बराच जास्त, त्यामुळे तशी खारट पाण्याची समस्या नाही.

पण इथेच फसायला होतं. मातीने कॅल्शियम धरलं की पाण्यात फ्लोराइड जास्त टिकतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर या कमाल मर्यादेच्या वर आहे. असं पाणी चवीला गोड लागू शकतं, मीटरही काही वावगं दाखवत नाही; पण ते पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात.

तेव्हा हातपंपाचा नमुना घ्याल तर ईसीवर थांबू नका. प्रमुख आयन आणि फ्लोराइड, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा. धन आणि ऋण आयनांच्या बेरजेत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला, तर आधी तपासणी पुन्हा करा. अर्थ नंतर लावा.