कोडची सावड

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या डोंगराळ भागात भातलावणीची घाई उडाली की माणसांची ओढ भागवायला सावडीचा जुना रिवाज कामी येतो. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. ही श्रमांची देवघेव, असे आपण मानतो. पण तिच्यातून ज्ञानही फिरते. भाताच्या चारसूत्री लागवडीचेच पाहा. डॉ. नारायण सावंत यांनी ती विकसित केली. भाताचे अवशेष आणि गिरिपुष्पाचा पाला जमिनीत घालायचा, १५ व २५ सेंटीमीटर अंतर आलटून पालटून ठेवत रोपे लावायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचायची. हे सगळे एका माहितीपत्रकात मावते. गोळी चिखलात किती खोल गेली म्हणजे पुरे, हे मात्र शेजारी वाकून लावणाऱ्याचा हात पाहिल्याशिवाय उमगत नाही. अमेरिकेतील आयोवात संकरित मक्याच्या प्रसाराचा रायन आणि ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले: नव्या बियाण्याची बातमी सर्वाधिक जणांना विक्रेत्यांकडून कळली, पण ते पेरायचा निर्णय घेताना शेजाऱ्यांचा प्रभाव सर्वाधिक ठरला.

हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे काम वरवर याच्या अगदी उलट वाटते. तिथे सगळेच लिहिलेले असते: कोड, नोंदी, सूचना. तरीही डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडले की प्रोग्रॅमचा खरा गाभा तो लिहिणाऱ्यांच्या समजुतीत असतो आणि कागदपत्रांत तो पुरता उतरत नाही. अमुक रचना का निवडली, तमुक का सोडली, हे विचारूनच कळते. आणि विचारायला धीर लागतो. आपले अज्ञान कोणासमोर उघडे करायचे, हे माणूस नाते पाहून ठरवतो. मॉर्टेन हॅन्सन यांनी १९९९ मध्ये एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतील १२० प्रकल्प अभ्यासले. दूरच्या ओळखी उपयुक्त माहितीचा ठावठिकाणा सांगतात, पण गुंतागुंतीचे ज्ञान हातात यायला घट्ट संबंध लागतात, असे त्यांना आढळले. कोविडच्या साथीच्या काळात मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी घरून काम करू लागले, तेव्हा वेगवेगळ्या गटांमधला संपर्क रोडावला आणि गट आपापल्यात मिटत गेले, हे ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून दिसले.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ज्ञान नात्यांतून वाहत असेल, तर ज्याची नाती नाहीत त्याने काय करायचे? तालुक्याच्या गावातून आलेली, इंग्रजीत अडखळणारी मुलगी जेवणाच्या टेबलावरच्या घोळक्यात नसते. तिच्यासाठी लेखी नोंदच अधिक न्याय्य. हे खरे आहे, म्हणून नोंदी हव्यातच. पण नोंद अपुरी पडली की तिलाही कोणाला तरी विचारावेच लागते, आणि तिथे ती एकटी पडते. सावडीचे बळ इथेच आहे. सावडीला जिवलग मैत्री लागत नाही, तिथे पाळी ठरलेली असते. अर्थात सावडही बहुधा भावकीत आणि आळीतच फिरते, बाहेरचा तिच्यात सहज शिरत नाही. ही मर्यादा कंपनीने उचलू नये. पाळी मात्र जरूर उचलावी.

ती पाळी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच आहे: एकमेकांचा कोड तपासण्याची प्रथा. २०१३ मध्ये बाकेली आणि बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधील या तपासणीचा अभ्यास केला. लोकांची मुख्य अपेक्षा चुका सापडण्याची होती. प्रत्यक्षात ज्ञानाची देवघेव आणि सहकाऱ्यांच्या कामाची जाण हेही मोठे फायदे निघाले. तेव्हा गटप्रमुखांना सांगणे एवढेच: नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात अनुभवी सहकाऱ्याचा कोड तपासायला बसवा, शेजारच्या गटातही त्याची पाळी लावा, आणि त्यात गेलेले तास कामाचेच तास म्हणून मोजा.