शिकाऱ्याच्या अंगावर कोळी

घरात माशी खाणारे झाड आहे असे सांगितले, की सिन्नरचा पाहुणा आधी आपली बोटे सावरून बसतो! मग वाटीएवढी कुंडी आणि तिच्यातले करंगळीएवढे रोप पाहून त्याला हसू येते. आमच्या नातीने गेल्या वर्षी खाऊचे पैसे साठवून अशी दोन रोपे आणली. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या पाणथळ माळांवरचे हे ‘व्हीनस फ्लायट्रॅप’. त्यांतले एक आज जिवंत आहे. दुसरे आमच्या शहाणपणाने गेले. त्याचीच ही हकीकत.

चैत्राचे ऊन तापले आणि पाने निस्तेज झाली. त्यांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि देठांपाशी बारीक जाळी. पांढऱ्या कागदावर पान हलकेच झटकले, तर मिरपुडीसारखे कण पडले आणि चक्क चालू लागले! बागाईतदार ज्याला लाल कोळी म्हणतात, तोच हा. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याचाच भाऊबंद. पावसाच्या छायेतल्या आमच्या गावची कोरडी, तापलेली हवा त्याला फार मानवते.

तुम्ही म्हणाल, झाडाने त्याला खाऊनच का टाकले नाही? गंमत अशी, की सापळ्यातल्या केसांना सुमारे २० सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच सापळा मिटतो. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या ह्या जिवात केस वाकवण्याइतका भार कुठला?

उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आमचे गाव विड्यांचे. शेजारच्या आजींनी तंबाखूचे पाणी सुचवले. पण तंबाखूतले निकोटिन माणसाच्या कातडीतूनही भिनते आणि कोळ्यांवर त्याचा भरवसा नाही. ते टाळले. साबणाचे पाणी मात्र एका रोपावर फवारलेच. जास्वंदीला चालते, मग ह्याला का नाही? चार दिवसांत रोप काळे पडले. नात काही बोलली नाही. रिकामी कुंडी तिने तशीच खिडकीत ठेवली. ते न बोलणेच आम्हांला अधिक लागले.

मग पुस्तके धुंडाळली. चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. आपल्या कासच्या पठारावरचा दवबिंदू घ्या की हा परदेशी पाहुणा घ्या, मातीत नत्र मिळत नाही म्हणून ही झाडे किडे धरतात. अशा निकस जमिनीवर पोसलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत. खत, बोअरचे पाणी, साबण, तेल ही आपली सारी श्रीमंती त्यांच्या जिवावर उठते. कोवळ्या रोपाच्या तर अधिकच.

म्हणून दुसऱ्या रोपाला निराळे उपचार केले. प्रथम ते इतर झाडांपासून दूर ठेवले. जाळी धरलेली पाने कापून टाकली. माती तरंगू नये म्हणून कुंडीच्या तोंडाला, रोपाभोवती, मऊ फडके बांधले आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात सबंध कुंडी एक दिवस बुडवून सावलीत ठेवली. कोळी गुदमरतात, अंडी मात्र पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांतून पिल्ले बाहेर पडतात, म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असे तीनदा. दवबिंदूचा चिकटा ह्यात धुऊन जातो, पण नव्या पानांवर तो पुन्हा येतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर खास कोळ्यांसाठी असलेले कोळीनाशकच घ्यावे, वेष्टनावरच्या सूचना पाळाव्यात आणि आधी एकाच पानावर, संध्याकाळी, लावून पाहावे. साध्या कीटकनाशकाने कोळ्यांना खाणारे मित्रजीवच मरतात आणि कोळी माजतात. बागेतले गंधकही भर उन्हात वापरू नये, पाने करपतात.

आमच्यावर ती पाळी आली नाही. तिसऱ्या बुडीनंतर मधून हिरवेगार नवे पान आले. पावसाळ्यात नातीने पागोळ्यांखाली बादल्या लावून पाणी साठवले आहे. त्यावर तिची चिठ्ठी आहे, ‘आजोबांनी हात लावू नये.’ तिचे म्हणणे अगदीच चूक आहे, असे आम्हांला म्हणवत नाही!