शेजारचे झाड हिरवे का राहिले?

२०१८ आणि २०१९ हे लागोपाठचे दोन उन्हाळे मध्य युरोपाला फार कोरडे गेले. जर्मनीतल्या हेसे राज्यात बीच वृक्षांची जंगले शरद ऋतूची वाट न पाहता तपकिरी पडू लागली. शेंडे वाळले, पाने अकाली गळली. पण त्यातही एक कोडे होते. एकाच उतारावर, एकाच मातीत, फांदीला फांदी लागेल इतक्या जवळ उभी असलेली दोन झाडे. त्यांतले एक वाळून गेलेले आणि दुसरे हिरवेगार.

फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संस्थेतील मार्कुस फेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच जोड्या शोधून काढल्या. माती, पाऊस, ऊन सारखेच असेल, तर फरक झाडाच्या आतच असणार, हा त्यांचा तर्क. वाळलेल्या आणि निरोगी शेजाऱ्यांचा डीएनए त्यांनी ताडून पाहिला, तेव्हा १०६ ठिकाणी ठळक फरक सापडले. मग त्यांतल्या ७० जागांची चाचणी तयार करून ती ९२ झाडांवर लावली. दुष्काळात कोणते झाड तगले आणि कोणते वाळले, हे निव्वळ डीएनएवरून ९८.६ टक्के वेळा बरोबर सांगता आले. हा शोधनिबंध २०२१ सालचा. त्याला आधार होता तो बीचच्या जनुकसंचाच्या आधीच झालेल्या वाचनाचा. बागदेवी मिश्रा आणि सहकाऱ्यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यासाठी निवडलेले झाड केलरवाल्ड-एडरझे राष्ट्रीय उद्यानातल्या एका खडकाळ जागी उभे आहे. वय तीनशे वर्षांहून अधिक, आणि संशोधकांनी त्याला दिलेले नाव ‘भागा’.

मला या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट ती अचूक टक्केवारी वाटत नाही. दुष्काळाला तोंड देण्याची ताकद कुठल्या दूरच्या देशातून आणायची नव्हती, ती त्याच रानात शेजारी उभी होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बीचच्या जनुकीय विविधतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकेका जंगलाच्या आतच असतो. दोन जंगलांमधला फरक त्या मानाने थोडा. परागण वाऱ्याने होते आणि स्वतःच्या परागाने बी सहसा धरत नाही, म्हणून दर पिढीत सरमिसळ होत राहते. असे असताना जंगल ‘किती हेक्टर’ एवढेच मोजून भागत नाही. चार-दोन झाडांच्या बियांवर उभी केलेली लागवड नकाशावर तितकीच हिरवी दिसते, पण पुढच्या दुष्काळात तिच्याकडे निवडीला वावच उरलेला नसतो.

दोन जंगलांमधला थोडा फरक म्हणजे नगण्य फरक मात्र नव्हे. हिमयुगात बीच दक्षिणेकडच्या मोजक्या आश्रयस्थानांत तगून राहिला. तळ्यांच्या गाळातले परागकण आणि आजच्या झाडांची जनुके एकत्र तपासून दोनातेल्ला माग्री आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की मध्य युरोपात पसरलेला बीच मुख्यतः स्लोव्हेनिया आणि पूर्व आल्प्सच्या परिसरातून आला. दक्षिण इटलीतली झाडे आल्प्स ओलांडून वर आलीच नाहीत. त्यांचे वाण त्यांच्यापाशीच राहिले; ती गेली तर ते दुसरीकडे मिळायचे नाही.

मग बी गोळा करून शीतपेटीत ठेवले की झाले, असे वाटेल. गहू-ज्वारीसाठी ते ठीक आहे. बीचची तिकोनी, तेलकट बी तितकी सोशिक नसते. ओलावा आठ-दहा टक्क्यांपर्यंत हळूहळू उतरवून उणे दहा अंशांत ठेवली, तर काही वर्षे रुजण्याजोगी राहते. पिढ्यानपिढ्या जपण्याचा हा मार्ग नव्हे. त्यातून झाड पन्नाशीच्या आसपास बी धरू लागते, दाट रानात तर आणखी उशिरा. कोकणातला आंबा निदान आड साली मोहरतो. बीचला भरघोस बहर येण्यात अनेक वर्षांचे अंतर पडू शकते आणि त्याचा नेम नसतो.

म्हणून युरोपने जागच्या जागी जतन करण्यावर भर दिला. १९९० च्या स्ट्रासबर्ग परिषदेतील ठरावातून १९९४ मध्ये ‘युफोर्जेन’ हा बहुराष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. बीचसारख्या विस्तीर्ण पसरलेल्या जातीसाठी राखलेल्या जनुकीय जतनक्षेत्रात बी धरणारी किमान ५०० झाडे असावीत, असा दंडक आहे. तिथे लाकूडतोडीला सरसकट बंदी नसते. जंगलाने आपल्याच बियांतून पुन्हा उगवावे आणि बदलत्या हवेशी जुळवून घेत राहावे, ही अपेक्षा असते. हे मला पटते. जतन आणि वापर इथे परस्परांचे वैरी नाहीत.

वापराची बाजू अधिक अवघड. जर्मनीत बीचच्या बियाण्यासाठी देशाचे २६ उगमप्रदेश आखलेले आहेत आणि रोपवाटिकेतल्या रोपाचे मूळ कुठले, हे कागदोपत्री असावे लागते. आता हवामान तापत चालल्यावर प्रश्न येतो, की दक्षिणेचे, कोरड्या मुलखातले बियाणे उत्तरेला लावावे का? ग्रोसहान्सडॉर्फच्या वनजनुकशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात युरोपभरचे बियाणे एकाच वेळी अनेक देशांत लावून पाहिले गेले. त्यात आग्नेयेकडची रोपे लवकर पालवतात आणि पश्चिमेकडची उशिरा, हे स्पष्ट दिसले. ब्रसेल्सजवळच्या स्वान्य जंगलाचे नावाजलेले बियाणे याच उशिरा पालवणाऱ्यांतले. लवकर पालवलेल्या रोपावर वसंतात अवचित थंडीची लाट आली, की कोवळी पाने एका रात्रीत करपतात. दुष्काळासाठी आणलेले बियाणे थंडीने मार खायचे.

त्यामुळे एखाद्या एकाच गुणावर भाळून झाडे निवडण्याची मला धास्ती वाटते, मग ती ७० जागांची उत्तम चाचणी का असेना. तिचा उपयोग विरळणीच्या वेळी तगणारी झाडे वाचवायला जरूर करावा, पण उरलेल्या गर्दीतली विविधताही राखावी. परदेशी बियाणे थोड्या प्रमाणात, स्थानिक झाडांत मिसळून लावावे.

१९९० च्या दशकात अनेक देशांत लावून पाहिलेली ती झाडे आता तिशीच्या आगेमागे आहेत. त्यांना बी धरायला, म्हणजे त्यांची पुढची पिढी पारखायला, अजून एक-दोन दशके जातील. तोवर त्या जमिनी दुसऱ्या कामाला वळवल्या जाऊ नयेत, झाडांवरचे क्रमांक पुसले जाऊ नयेत आणि नोंदवह्या एका हातातून दुसऱ्या हातात नीट जाव्यात.