चिकित्सालयातील वायफायची परीक्षा

रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांनी करावी, हे वैद्यवर्गास सांगणे नलगे. परंतु ज्या वायफायवरून आपली रुग्णपत्रके व औषधालयाची बिले जा-ये करतात, त्याची परीक्षा सहसा होत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईतील एका सदनिकेच्या असुरक्षित वायफायवरून. पोलिसांचा तपास प्रथम त्या घरापाशी पोहोचला.

ही परीक्षा अँड्रॉइड मोबाइलवरील ‘वायफाय अ‍ॅनालायझर’ प्रकारच्या अ‍ॅपने करता येते. आपल्या वायफायच्या नावाखाली सुरक्षापद्धती लिहिलेली दिसते. ‘ओपन’ असल्यास दारास कुलूपच नाही. ‘डब्ल्यूईपी’ ही १९९७ ची पद्धती. तिचे दोष २००१ मध्येच उघड झाले व आज ती काही मिनिटांत भेदली जाते. २००३ ची ‘डब्ल्यूपीए’ही कालबाह्य होय. २००४ ची ‘डब्ल्यूपीए२’ चालेल. २०१८ ची ‘डब्ल्यूपीए३’ अधिक श्रेयस्कर.

सोबत ‘डब्ल्यूपीएस’ ही अक्षरे दिसल्यास विशेष सावध असावे. या सोयीचा पिन आठ अंकी असला, तरी तो दोन भागांत तपासला जातो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये दाखविले गेले.

‘फिंग’सारखे अ‍ॅप वायफायला जोडलेल्या उपकरणांची यादी देते. आपले संगणक, प्रिंटर व फोन मोजून तिच्याशी ताळा जमवावा. नवे फोन आपली खरी ओळख झाकतात. म्हणून अनोळखी नोंद दिसताच कोणावर संशय घेऊ नये, आधी खात्री करावी.

तथापि अ‍ॅप केवळ निदान करते. ‘डब्ल्यूपीए२’ असूनही दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांकच पासवर्ड असेल, तर ते अ‍ॅपला कळत नाही. चिकित्सा राउटरच्या सेटिंगमध्येच करावी लागते. डब्ल्यूपीएस बंद करावे, राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, वायफायचा पासवर्ड लांबलचक ठेवावा आणि प्रतीक्षागृहातील रुग्णांसाठी ‘गेस्ट’ वायफाय वेगळे द्यावे, असे आम्ही सुचवितो.

परीक्षा मात्र स्वतःच्याच वायफायची करावी. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या जाळ्यात अनुमतीविना शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

रुग्ण आपल्या व्याधी विश्वासाने सांगतो. त्या गुप्त राखणे हा वैद्यधर्म रुग्णपत्रक संगणकात गेल्याने संपत नाही, असे आम्हांस वाटते.